वळसा

त्रिएस्तेच्या वर, कार्स्टच्या चुनखडी पठारावर
रात्रीचे पावणेतीन. बोरा वारा
पत्र्याच्या छपराच्या कानाखाली वाजवतोय.
आत, गोल बोगद्यात इलेक्ट्रॉन
कुणी हाकलल्यासारखे धावतायत
आणि वळणावळणावर उजेड सांडतायत.
त्यातला थोडा आमच्या वाट्याचा,
शुक्रवारी सकाळी आठपर्यंत.

नमुना म्हणजे कार्बनचा थर. एकच.
त्याखाली सिलिकॉन कार्बाइडचं जोतं.
झ्द्रावको कोशूता पंपाच्या नळीवर हात ठेवतो,
डॉक्टरने पोटावर ठेवावा तसा,
आणि म्हणतो, "चाललंय."

मला हवी होती ती जागा
जिथे दोन ऊर्जापट्टे, वरचा आणि खालचा,
निमुळते होत एका बिंदूत टेकतात.
टेकतात का? की केसाएवढी फट उरते?
यावरून ग्रात्सच्या एका मित्राशी
माझं चार वर्षं बोलणं नाही.
आमच्या यंत्राची नजर अधू,
त्या जागी पडद्यावर नुसता धुरकट डाग.

मग लांबून फिरायचं.
बिंदूपासून दूर, समान ऊर्जेच्या कडेने,
एक पूर्ण फेरी.
सोबत नेलेलं कुठेही मुद्दाम वळवायचं नाही,
पावलागणिक सरळच धरायचं.
सुरुवातीच्या जागी परत यावं तर
हातात तेच असतं,
फक्त अधिकाचं उणं झालेलं.
दुसरी फेरी घाला, उण्याचं पुन्हा अधिक.
वाट किती लांब, किती वेडीवाकडी, किती सावकाश,
कुणी विचारत नाही.
विचारतात एवढंच: आत तो होता का?

झ्द्रावको ऐकतो, थर्मासमधून कॉफी ओततो.
त्याच्या गावामागे जमीन खचलीय, नरसाळ्यासारखी,
उतारावर हेझलची झुडपं, तळ दिसत नाही.
त्याच्या भाषेत अशा खळग्याला जे म्हणतात
ते मला ऐकू येतं "व्रताचा".
खळगा. व्रताचा.

शाळेची वाट त्याच्या काठाने.
जाताना या बाजूने, येताना त्या.
आई बजावायची, आत बघायचं नाही.
तिचा थोरला भाऊ सव्वीस वर्षांचा असताना
एका संध्याकाळी तिथून...
इथे तो थांबतो.
हे वाक्य त्या घरात कुणीच पुरं केलेलं नाही.
"खाली कधी उतरलो नाही," तो म्हणतो,
"पण घरी आलो की आई
आमची तोंडं निरखून बघायची.
गेली ती हीच मुलं ना, म्हणून."

आठ वर्षं. सुट्ट्या सोडून
सोळाशेच्या आसपास फेऱ्या.
सम की विषम, मोजलं कुणी?

मी त्याला म्हणत नाही की बघ, हेच ते.
कार्बनला मामा नसतो.

चारच्या सुमारास चित्र भरत येतं.
यायला हवं अख्खं वर्तुळ, येते कोर.
एक बाजू लख्ख, समोरची पुसलेली;
तिथे लाटा एकमेकींना खाऊन टाकतात.
माझ्या भाषेत लाटेच्या या मापाला
कला म्हणतात, चंद्राची असते तीच.
प्रकाशाचं कंपन पाव फेरी वळवलं
आणि कोर उडी मारून पलीकडे गेली.
जिथे काळोख होता तिथे उजेड.

म्हणजे आत तो आहे.
फटीचं अजून माहीत नाही.
ग्रात्सला काय लिहायचं, तेही नाही.

झ्द्रावको पडद्याजवळ येतो, चष्मा कपाळावर चढवतो.
"हे वरून बघितल्यासारखं का?"
"वरून."
"मी तो वरून कधी पाहिला नाही," म्हणतो,
आणि जाऊन एक घट्टच असलेला बोल्ट
उगीच आणखी आवळतो.

सहाला त्याची पाळी संपते.
हमरस्त्याने गेलं तर खळगा लागत नाही.
"आज जुन्या वाटेने जातो," एवढंच म्हणाला.
दार उघडताच वाऱ्याने त्याची टोपी उडवली,
ती आणायला तो पळाला, वाकून,
आणि कोणत्या काठाने
हे विचारायचं राहून गेलं.